निजलेलें एंजिन जागवितांना



धुळें येथें मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांस मिळतात. तेथून जळगांवकडे निघालें म्हणजे दुतर्फा मोटारदुरुस्तीचीं गॅरेजें लागतात. त्यांपैकीं एखाद्याच्या मागल्या अंगणांत रंग उडालेला लष्करी ट्रक निंबाखालीं उभा आहे, अशी कल्पना करावी. वाचण्याऐवजीं ऐकणारानें ती सहज करतां येईल.

१९४५ सालीं महायुद्ध संपलें तेव्हां सैन्यानें मागें ठेवलेल्या गाड्या ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून बाजारांत आल्या. त्या बहुतेक पेट्रोलच्या होत्या. पुढें आपल्या सैन्यासाठीं जबलपूर येथें ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊं लागला, तो मात्र डिझेलचा. त्याची मूळ रचना जर्मनीच्या ‘मान’ कंपनीची. रुडॉल्फ डिझेल यानें आपलें एंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्गच्या ज्या कारखान्यांत यशस्वी करून दाखविलें, तो कारखानाही याच कंपनीच्या पूर्वजांपैकीं होय. तेव्हां घराणें जातिवंत आहे. परंतु जातिवंत घोडासुद्धां दहा वर्षें तबेल्यांत बांधून ठेवला, तर एका दिवसांत दौडूं शकणार नाहीं.

“उस्ताद, बॅटरी नवी आहे. सेल्फ मारूं का?” गॅरेजांतला पोरगा उतावळेपणानें विचारतो. “थांब रे, आधीं पोटांत काय आहे तें पाहूं,” असें जो म्हणतो, तोच खरा मिस्त्री.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा पिस्टनच्या दाबानें इतकी तापते कीं, तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. म्हणून पावसाचें पाणी एक्झॉस्टच्या नळींतून सिलिंडरांत उतरलें असेल, तर घात होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सेल्फचा जोर लागतांच कनेक्टिंग रॉड वांकतो. यास्तव प्रथम नोझल काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, एकदोन दिवस मुरूं द्यावें आणि मग एंजिन हातानें हळूहळू पुढेंमागें फिरवून पाहावें. अडल्यास पहार लावून बळजबरी करूं नये. पुन्हां तेल सोडून वाट पाहावी.

तोंवर टांकीकडे वळावें. जुन्या डिझेलच्या तळाशीं पाणी सांचतें आणि त्या पाण्याच्या सांध्यावर सूक्ष्म जंतु वाढून काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. टांकी धुवावी, फिल्टर बदलावे, नळ्या फुंकून साफ कराव्या. खालचें एंजिन-ऑइलही सोडून द्यावें. वैशाखांतील खानदेशी उन्हानें रबरी नळ्या चिरतात आणि उंदीर तारा कुरतडतात, त्याही तपासाव्या.

खरी नाजूक वस्तु म्हणजे डिझेलचा पंप. त्यांतील दांडा व नळी यांमधील अंतर केंसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी असतें. सर्व सिलिंडरांस किती तेल द्यावयाचें हें ठरविणारी सळई, जिला रॅक म्हणतात, ती गंजून ‘पूर्ण’ या स्थितींत अडकली असेल, तर एंजिन सुरू होतांच बेफाम धांवत सुटतें. किल्ली फिरवूनही तें थांबत नाहीं, आणि कांहीं क्षणांत फुटूं शकतें. म्हणून रॅक बोटानें सहज सरकते कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. तरीही एक जाड फळी हवेच्या तोंडाशीं तयार ठेवून एक माणूस उभा करावा. हवा कोंडली कीं डिझेल एंजिन मरतें. हात मात्र तेथें कदापि लावूं नये.

नंतर हवा काढावी. फिल्टरावरचा स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावें, आणि बुडबुडे थांबून निखळ तेल येऊं लागलें म्हणजे तो आंवळावा. प्रथम डिझेल बंद ठेवून सेल्फनें एंजिन थोडें फिरवावें. ऑइलचा कांटा हलला म्हणजे बेअरिंगांपर्यंत वंगण पोंचलें. मगच डिझेल द्यावें. पहिला धूर पांढरा निघेल. एंजिन तापल्यावर तो ओसरला पाहिजे. निळा धूर राहिला तर ऑइल जळत आहे, काळा राहिला तर तेल जास्त किंवा हवा कमी, असें समजावें.

एंजिन बोलूं लागलें म्हणजे सभोंवारच्या मंडळींस उत्साह चढतो, आणि येथेंच मोठा धोका असतो. चालू झालेला ट्रक म्हणजे थांबणारा ट्रक नव्हे. व्हील-सिलिंडर गंजलेले, ब्रेकचें रबर कडक झालेलें, टायर वरून जाड परंतु बाजूंस तडकलेले, अशा गाडीनें कन्नडहून चाळीसगांवाकडे घाट उतरावयाचा म्हटलें तर गाडींतल्यांचाच नव्हे, वाटेवरच्या निरपराध माणसांचाही जीव टांगणीस लागतो. ब्रेक चारी चाकांचे उघडावे, टायर बदलावे, लिलांवाचे कागद दाखवून नोंदणी व योग्यतेचें प्रमाणपत्र घ्यावें, आणि तोंवर गाडी अंगणाबाहेर काढूं नये.

दहा वर्षें उभ्या राहिलेल्या यंत्रास आणखी दहा दिवस दिल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पोरग्याला थांबविणाऱ्या त्या मिस्त्रीनें एक एंजिन तर वांचविलेंच, पण त्याच वेळीं एक कारागीरही घडविला.