अमेरिकेतील यादवी आणि गुलामांच्या आया
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी हलकेफुलके बोलावे असा प्रघात आहे, आणि मी घेतलेला विषय तसा नाही, याबद्दल आधीच क्षमा मागते. विषय आहे अमेरिकेतील यादवी युद्धाचा. लढायांची वर्णने मी करणार नाही. ती पुस्तकांत पुष्कळ सापडतात आणि त्यांत बायका फारशा नसतात.

१८६१ ते १८६५ अशी चार वर्षे अमेरिकेतील उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये एकमेकांशी लढली. देशाची वस्ती त्या वेळी तीन कोटी चौदा लाखांच्या घरात होती. त्यांतले सव्वासहा लाख सैनिक मेले असे पूर्वीपासून धरतात. अलीकडचे अभ्यासक हा आकडा सात लाखांच्या आसपास नेतात. गोळी लागून मेले त्यांच्याहून हगवणीने आणि तापाने मेले ते अधिक. हे युद्ध झाले तरी कशासाठी? कोणी म्हणतात जकातीच्या भांडणासाठी, कोणी म्हणतात राज्यांच्या हक्कांसाठी. मला ही उत्तरे पटत नाहीत. संघराज्यातून फुटून निघणाऱ्या काही राज्यांनी आपली कारणे स्वतःच जाहीरनाम्यांत छापून ठेवली आहेत. मिसिसिपी राज्याने तर आरंभीच सांगून टाकले की, आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे निगडित आहे. ज्यांचे भांडण त्यांनीच कारण सांगितल्यावर आपण दुसरे शोधायला कशाला जावे?

गुलामगिरी म्हणजे मारझोड आणि उपाशीपोटी काम एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ते खरेच होते. पण तिचे मूळ एका कायद्यात होते, आणि तो कायदा बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचलेला होता. व्हर्जिनियात १६६२ साली असे ठरले की, मूल गुलाम की मोकळे हे त्याच्या आईवरून ठरवावे. इंग्लंडच्या जुन्या रिवाजात मूल बापावरून ओळखले जाई. येथे मुद्दाम आईला पुढे केले, आणि ते काही तिच्या मानासाठी नव्हे! बाप गोरा मालक असला तरी मूल गुलामच राहावे आणि मालकाच्या मिळकतीत एका जिवाची भर पडावी, एवढाच त्याचा अर्थ. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी झाली. तरीही १७९० साली जे गुलाम सात लाख होते, ते १८६० साली साडेएकोणचाळीस लाख झाले. ही वाढ बहुतांशी जन्मांची होती.

मधल्या काळात कापसाची सरकी काढण्याचे यंत्र निघाले होते. १७९३ ची गोष्ट. यंत्र आले म्हणजे कष्ट कमी होतात अशी आपली समजूत असते. तेथे उलट झाले. सरकी झटपट निघू लागली म्हणून कापूस अधिक पेरला, आणि तो वेचायला अधिक हात लागले. व्हर्जिनिया, मेरीलँडकडच्या तंबाखूच्या जुन्या मळ्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली. काही मालकाबरोबर गेली, पुष्कळशी बाजारात विकली गेली. गुलामांचे लग्न कायदा मानीत नसे. त्यामुळे नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्यात आणि मूल तिसऱ्यात, असे सर्रास होई.

उत्तरेच्या राज्यांनी आपल्या हद्दीत गुलामगिरी हळूहळू बंद केली होती. मग नव्या प्रदेशांत ती असावी की नसावी, यावर दर काही वर्षांनी वाद पेटे आणि दर वेळी तडजोड होई. १८२० साली नकाशावर एक रेघ ओढून भागवले. १८५० साली पुन्हा तडजोड झाली. त्या तडजोडीत पळालेल्या गुलामांचा कायदा होता, आणि माझ्या मते युद्धाचे बी येथेच रुजले. पळून उत्तरेत आलेल्या माणसाला पकडून देणे आता उत्तरेच्या लोकांवरही बंधनकारक झाले. त्याला आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला परत पाठवले तर दहा डॉलर फी, सोडून दिले तर पाच! राज्यांच्या हक्कांसाठी लढलो म्हणणाऱ्या दक्षिणेला उत्तरेच्या राज्यांवर केलेली ही सक्ती मात्र चालली.

याच कायद्याने चिडून हॅरिएट बीचर स्टो या बाईंनी 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी लिहिली. त्यांचे दीड वर्षाचे मूल १८४९ साली पटकीने गेले होते. आईच्या कुशीतून मूल विकून नेतात तेव्हा तिला काय होत असेल, ते मला त्या मुलाच्या अंथरुणापाशी कळले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १८५२ साली पुस्तक निघाले आणि वर्षभरात अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या.

पुस्तकातले दुःख वाचकाच्या सोयीने थोडे आवरलेले असते. १८५६ च्या जानेवारीत जे घडले ते आवरलेले नव्हते. मार्गारेट गार्नर ही केंटकीतली गुलाम बाई. नवरा, मुले आणि सासूसासरे यांच्यासह ती गोठलेली ओहायो नदी रात्री चालून सिनसिनाटीला आली. मागोमाग पकडणारे आले. घराला वेढा पडलेला पाहून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा सुरीने चिरला; परत जाऊ देणार नाही, म्हणून. पुढे न्यायालयात वाद काय झाला, तर हिला खुनी म्हणून उभी करायची की पळालेली मालमत्ता म्हणून मालकाला द्यायची! खुनाचा खटला भरला असता, तर ती माणूस आहे हे तरी मान्य झाले असते. तिला मालकाच्या हवाली केले. दोन वर्षांनी ती विषमज्वराने वारली.

लिंकन यांना आपण गुलामांचे मुक्तिदाते म्हणतो. परंतु १८६० साली ते निवडून आले, तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते की, आहे तेथे गुलामगिरी राहू द्या, नव्या प्रदेशांत पसरू देऊ नका. तेवढेही दक्षिणेला सोसवेना. त्याच डिसेंबरात साउथ कॅरोलिना फुटून निघाले, मग एकामागून एक अशी अकरा राज्ये. १२ एप्रिल १८६१ रोजी समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. उत्तर सरकार म्हणत होते, आम्ही संघराज्य राखण्यासाठी लढतो, गुलामगिरीला हात लावणार नाही. चार गुलामांची राज्ये अजून उत्तरेच्या बाजूला होती, ती दुखवायची नव्हती.

मग हात लावला कोणी? गुलामांनीच. युद्धाला दीड महिनाही झाला नव्हता. २३ मे च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे होडी वल्हवीत व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्याशी आले. दक्षिणेच्या सैन्यासाठी मोर्चे बांधायला त्यांना जुंपले होते, आणि किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी पांढरे निशाण घेऊन मालकाचा माणूस हजर. म्हणाला, १८५० च्या कायद्याप्रमाणे आमचे गुलाम परत करा. किल्ल्यावरचा जनरल बटलर मूळचा वकील. त्याने उत्तर दिले की, व्हर्जिनिया आता स्वतःला परदेश म्हणवते. परदेशाला आमचा कायदा लागू नाही. शिवाय शत्रूच्या कामी येणारी मालमत्ता युद्धात जप्त करता येते, तशी ही जप्त केली! माणसाला मालमत्ता म्हणण्याचा त्यांचाच न्याय त्याने त्यांच्यावर उलटवला. बटलरचे मन काही गुलामांसाठी कळवळत होते असे नव्हे. पण बातमी पसरली. चार दिवसांत बायका, म्हातारी, कडेवरची पोरे, सगळी किल्ल्याच्या वाटेला लागली. पुढे जेथे जेथे उत्तरेचे सैन्य गेले, तेथे तेथे अशी रीघ लागली. या बायकापोरांचे काय करायचे, ते सरकारला ठरवावेच लागले. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा निघाला, त्यामागे या पायपिटीचा वाटा मोठा आहे. पुढे सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे लोक उत्तरेच्या सैन्यात लढले.

जाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशांपुरता होता. संपूर्ण बंदीसाठी राज्यघटना बदलायला हवी होती, आणि येथे आपल्यासारख्या मंडळांचा संबंध येतो. एलिझाबेथ स्टँटन आणि सूझन अँथनी यांनी १८६३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला बायकांचा एक संघ काढला आणि घटनादुरुस्तीसाठी सह्या गोळा करायला घेतल्या. ९ फेब्रुवारी १८६४ रोजी पहिल्या एक लाख सह्यांची भेंडोळी दोन उंच काळ्या गृहस्थांनी सेनेटमध्ये वाहून आणून समनर यांच्या मेजावर ठेवली. पुढे सह्या चार लाखांच्या जवळ गेल्या. दारोदार फिरून पन्नास सह्या मिळवणे म्हणजे काय, हे मंडळाचे अर्ज घेऊन हिंडलेल्या भगिनींना सांगायला नको. आणि या बायकांना स्वतःला मत नव्हते! स्त्रियांच्या मताची घटनादुरुस्ती व्हायला १९२० साल उजाडावे लागले. गुलामगिरी मात्र १८६५ च्या डिसेंबरात घटनेने बंद झाली. लिंकन ते पाहायला उरले नव्हते. एप्रिलमध्येच त्यांचा खून झाला होता.

या युद्धाने आपल्या मुंबईचेही नशीब पालटले होते. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार पंचमांश अमेरिकेतून जाई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने विकू लागला. मुंबईत समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा नुसता धुमाकूळ झाला. १८६५ साली तिकडे युद्ध संपले, आणि इकडे भाव कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या. मुंबईने त्या युद्धात कापसाचा भाव पाहिला. पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी दुसरेच पाहिले. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक काढताना त्यांनी ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली. हजारो कोसांवरची ती गोष्ट आपल्या शूद्रातिशूद्रांच्या उपयोगाची आहे, हे त्यांना दिसले.

मोकळ्या झालेल्यांना जमीन मिळाली नाही. मिळालेले मतही दक्षिणेत लवकरच हिरावले गेले आणि ते पुन्हा खरोखरी हाती यायला १९६५ साल लागले. तो इतिहास वेगळ्या भाषणाचा आहे. सुटका झाल्याबरोबर या लोकांनी काय केले, एवढेच सांगते. त्यांनी आपली माणसे शोधायला घेतली. काळ्या लोकांच्या वर्तमानपत्रांत जाहिराती येऊ लागल्या. फिलाडेल्फियाच्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर'मध्ये त्या पुष्कळ आहेत. आई लिहिते: मुलाचे नाव अमुक, अमुक मालकाकडे होतो, अमुक साली त्याला अमुक व्यापाऱ्याला विकले, पाद्रीसाहेबांनी कृपा करून हे प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवावे. कित्येकींना वीस-वीस, तीस-तीस वर्षे ताटातूट होऊन झाली होती. मूल एव्हाना बाप्या झालेले, नाव कदाचित नव्या मालकाने बदललेले. आईला आठवत असे ते त्याचे लहानपणचे रूप. विसावे शतक लागले तरी या जाहिराती छापून येत होत्या. त्यांतल्या हजारो आता अभ्यासकांनी गोळा करून ठेवल्या आहेत. थोड्यांची भेट झाल्याचे कळते. बाकीच्यांच्या पुढे काही लिहिलेले नाही.