घरगुती जेवणाची मजुरी

मैत्रिणींनो, दुपारची जेवणं उरकून, भांडी घासून तुम्ही जरा टेकला असाल, असं आम्ही धरून चालतो. भांडी राहिली असतील तर रेडिओ मोरीजवळ ठेवा आणि हात चालू द्या. आजची गोष्ट त्या भांड्यांचीच आहे.

आमचा बचत गट १२ जणींचा. गाव खेड तालुक्यात, भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला आमच्या दारावरून गाड्यांची रांग जाते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधबे बघायला येणारे वेगळे. एवढी माणसं जातात, त्यांना भूक लागतेच. म्हणून आम्ही ठरवलं, रस्त्याला लागून ‘घरगुती जेवण’ अशी पाटी लावायची. बँकेनं कर्ज मंजूर केलं. फक्त सह्या करून पैसे उचलायचे बाकी होते.

पण सह्या करायच्या आधी एखादी चालती खानावळ डोळ्यांनी बघावी, असं बैठकीत निघालं. आमच्यातल्या एकीची नणंद माथेरानला जाऊन आली होती. ती म्हणाली, तिथं एक घरची माणसं चालवतात अशी खानावळ आहे, आईच्या हातचं जेवल्यासारखं वाटतं. आपलं गाव डोंगरातलं, माथेरानही डोंगरावरचं आणि पाहुण्यांवरच जगणारं. म्हटलं, तिथंच जाऊ.

जानेवारीतला मधल्या वारचा दिवस धरला, म्हणजे गर्दी कमी. पहाटे निघालो. पुण्याहून गाडीनं कर्जत, कर्जतहून लोकलनं नेरळ, तिथून टॅक्सीनं घाट चढून दस्तुरी नाका. गाडी तिथंच थांबते. माथेरानात मोटारी चालत नाहीत, हे तुम्ही ऐकलं असेल. ठाण्याचा इंग्रज कलेक्टर मॅलेट यानं १८५० साली हे ठिकाण साहेबलोकांच्या नजरेला आणलं, १९०७ साली नेरळहून छोटी झुकझुक गाडी आली. पण गावात मोटार काही शिरली नाही. २००३ पासून तर हा सगळा भाग पर्यावरणासाठी राखीव धरला आहे. अलीकडे थोड्या ई-रिक्षा आल्यात. रुग्णवाहिका सोडली तर बाकी सगळं घोडा, हातगाडी आणि माणूस.

दस्तुरीहून बाजारपेठेपर्यंत आम्ही रुळांच्या कडेनं चालत गेलो. लाल माती. पायऱ्या-पायऱ्यांनी घोडे चाललेले, त्यांच्या पाठीवर पर्यटक नव्हते, कांद्याची पोती होती. एका हातगाडीवर दुधाचे क्रेट. आणि आजूबाजूच्या वाड्यांमधल्या बाया डोक्यावर पर्यटकांच्या बॅगा घेऊन आमच्या पुढं निघून गेल्या. आमची एक मावशी म्हणाली, “आपण मोकळ्या हातानं दमलो, बघा ह्या कशा चालल्यात.” आम्ही बघितलं आणि पुढं गेलो. त्या बघण्याचा अर्थ कळायला दुपार व्हावी लागली.

खानावळ म्हणजे घरच. पुढच्या ओसरीला पत्रा टाकून पाच टेबलं मांडलेली. माकडं आत येऊ नयेत म्हणून जाळी. गल्ल्यावर काका, वाढायला मुलगा, एक कामाचा पोऱ्या, आत काकू आणि सून. पाटीवर भाव लिहिलेला, थाळी २२० रुपये.

आता खरं सांगायचं तर पुढचं सांगताना आम्हाला थोडी लाज वाटते. आम्ही घासाघीस केली. बाजारात जुडीचे दोन रुपये कमी करायची सवय आपल्याला. आम्ही म्हणालो, “बारा जणी आहोत, १८० लावा. पिठलं-भाकरीला २२० कुठं असतात का? ते तर आम्ही घरी रोज करतो.” काका काही बोलले नाहीत. आतून काकू म्हणाल्या, “बसा तर खरं. आधी जेवा, मग बोलू.”

जेवलो. मैत्रिणींनो, काय सांगावं! तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी, वाफ निघतीय अशी. लसणाची फोडणी दिलेलं पिठलं, मटकीची उसळ, भरलं वांगं, आमटी-भात, ठेचा आणि वाटीभर सोलकढी. दुसरी भाकरी मागायला लागली नाही, ताटाकडं बघूनच वाढली. पाण्याचा तांब्या रिकामा झाला की भरलेला. आमच्यातल्या दोघी-तिघी तर लग्न झाल्यापासून अशा बसून, दुसऱ्यानं वाढलेलं, गरम गरम जेवल्याच नव्हत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ठेच्यावर ढकललं.

गर्दी नव्हती, म्हणून जेवण झाल्यावर काकू बाहेर येऊन बसल्या. आम्ही कशासाठी आलो ते सांगितलं, तर त्यांनी चक्क आपली हिशेबाची वहीच आणली. म्हणाल्या, “२२० का, ते वाचा.”

आम्ही वाचलं. किराणा, भाजी, दूध. हे आम्हालाही माहीत होतं. पण त्याच्याखाली ‘घोडा’ असा वेगळा रकाना. ‘हमाली’ असा वेगळा. हॉटेलला घरगुती गॅस चालत नाही, १९ किलोची व्यापारी टाकी घ्यावी लागते. टाकीच्या लोखंडाचं वजन धरलं तर ती ३५ किलोच्या वर जाते. ती दस्तुरीवरून कुणाच्या तरी डोक्यावरून नाहीतर हातगाडीवरून येते. मिठाची पिशवीसुद्धा फुकट डोंगर चढत नाही. त्याखाली पोऱ्याचा पगार, पाणीपट्टी, वीज, पत्र्याची दुरुस्ती. पावसाळ्यात मधल्या वारी माणूस फिरकत नाही, त्या दिवसांसाठी बाजूला ठेवायचे पैसे. काकू म्हणाल्या, “दिवाळी, नाताळ आणि मे महिना, यात वर्ष काढायचं असतं.”

आमची मान खाली. दोन रुपयांची जुडी आणि डोंगर चढून आलेली जुडी एकच नव्हे, हे कळलं. काकूंचा हिशेब अगदी पक्का होता.

मग आम्ही भांडी घासू लागायला म्हणून आत गेलो. सून नको नको म्हणाली, पण आपण काही ऐकतो का? चार जणी बसलो तिच्याबरोबर. ती हसतमुख, बोलकी. राख-साबण करता करता म्हणाली, “ताई, वही बघितली ना? त्यात मी दिसले का?”

आम्ही एकमेकींकडं बघितलं. पोऱ्याचा पगार होता. घोडा होता. पण ती नव्हती. काकूही नव्हत्या.

ती म्हणाली, “एकदा दिसले होते. बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा तीन महिने भाकऱ्या करायला बाई ठेवली. तिचा पगार वहीत लिहिलेला आहे. मी परत आले, तो रकाना बंद झाला.” तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली. “सासूबाई चांगल्या आहेत. त्यांचा तर कधीच नव्हता,” असंही म्हणाली आणि परात विसळून पालथी घातली.

आम्ही २२० प्रमाणे बाराही थाळ्यांचे २,६४० रुपये दिले. एक रुपया कमी केला नाही. निघताना सुनेनं विचारलं, “तुमच्या गटात काय काय असतं?” आम्ही तिला बचत, आठवड्याची बैठक, अंतर्गत कर्ज, सगळं सांगितलं. नगरपरिषदेच्या हद्दीतही गट होतात, दहा जणी जमव, हेही सांगितलं. काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, “मग अकरावी मला धरा.”

परतीच्या गाडीत कुणी फारसं बोललं नाही. आमच्या पिशवीत आमच्याच खानावळीचा अंदाजपत्रकाचा कागद होता. बँकेला दिला तोच. तो काढला.

त्यात आम्ही लिहिलं होतं, थाळी १५० रुपये. शिधा ७०, गॅस १०, भाडं-वीज १५. म्हणजे खर्च ९५ आणि नफा ५५. दिवसाला ४० थाळ्या, नफा २,२०० रुपये. हा आकडा बघून आम्ही पेढे वाटले होते. आता परत बघितलं. रोज सहा जणी, पहाटे ५ ते दुपारी ४, म्हणजे ११ तास राबणार. २,२०० भागिले सहा, एकीला ३६६. भागिले ११ तास, तासाला ३३ रुपये. त्यातून बँकेचा हप्ता अजून जायचाच होता. आम्ही ज्याला नफा म्हणत होतो, ती आमचीच मजुरी होती, तीही अर्धीमुर्धी. माथेरानच्या वहीत जो रकाना नव्हता, तो आमच्याही कागदावर नव्हता. आणि आमच्या घरात सासू नाही, नवरा नाही, हिशेब आम्हीच मांडला होता. स्वतःला विसरायला आम्हाला कुणाची गरज लागली नाही.

पुढच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. एक काकू म्हणाल्या, “मजुरी लावली तर थाळी महाग होईल, गिऱ्हाईक शेजारच्या धाब्यावर जाईल. आणि घरच्यासारखं म्हणता, मग घरच्या कामाचे पैसे कसे घेता?” त्यांचं पहिलं म्हणणं अगदी खरं होतं, ते आम्ही हिशेबात घेतलं. दुसऱ्याचं उत्तर आमच्या सगळ्यात धाकट्या सदस्येनं दिलं. ती म्हणाली, “काकू, प्रेम ताटात वाढू की. पण प्रेमानं हप्ता फिटत नाही.”

मग नवा कागद केला. पदार्थ कमी केले, पण ताजे. तांदूळ आणि नाचणी गटातल्याच बायकांकडून रोख घ्यायची. कामाच्या दोन पाळ्या, प्रत्येकीत तिघी, सहा तास. थाळी १७०. खर्च ९५ वजा जाता ७५ उरतात, ४० थाळ्यांचे ३,०००. त्यातून आधी सहा जणींची मजुरी, प्रत्येकी ३५०, म्हणजे २,१००. राहिले ९००. ते हप्त्याला आणि वाईट दिवसांसाठी. याला आता आम्ही नफा म्हणतो. सुट्टीच्या दिवशी ४० च्या वर जातील, मधल्या वारी १५ वर येतील, हे धरून मधल्या वारी एकच पाळी आणि तिघीच. कर्जही ठरवलं होतं त्यापेक्षा कमी उचललं. टेबलं आठाऐवजी पाच.

खानावळ सुरू होऊन आता चार महिने झाले. अजून सगळं सुरळीत आहे असं नाही. एका महिन्यात हप्ता गटाच्या बचतीतून भरावा लागला. पण मजुरीचा रकाना एकदाही कोरा ठेवला नाही. पहिल्या महिन्याची मजुरी हातात आली तेव्हा आमच्या मावशींनी, वय ५८, विचारलं, “हे माझे? भाकरीचे?” त्या ४० वर्षं भाकरी करतायत.

तर मैत्रिणींनो, दोन गोष्टी सांगून थांबतो. तुमचं पापडाचं, शिवणाचं, दुधाचं, डब्यांचं जे काही असेल, त्याची वही आज संध्याकाळी उघडा. पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव आणि कामाचे तास लिहा. आज पैसे देता आले नाहीत तरी तास लिहा. लिहिलेलं दिसतं, न लिहिलेलं दिसत नाही.

आणि कधी फिरायला गेलात, डोंगरावर कुणाच्या घरच्या खानावळीत बसलात, तर पोटभर जेवा, भाव कमी करू नका, आणि निघताना आत डोकावून भाकरी करणारीला सांगा, जेवण छान झालं. गल्ल्यावर सांगितलेलं आतपर्यंत पोचतंच असं नाही.

आमच्या रस्त्यानं भीमाशंकरला निघालात तर या. थाळी १७० रुपये. का, ते भिंतीवर लिहून लावलंय.