सख्खे, मानलेले, उसने आणि तोतये



अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांनी जरा धाडसच केलं आहे. मी कोशकार नाही, ग्रीकचा पंडित तर नाहीच. बँकॉकमधल्या एका महाविद्यालयात नऊ वर्षं विज्ञान आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवलं, एवढीच माझी शिदोरी. तेव्हा मराठीचं भवितव्य वगैरे अध्यक्षांना शोभणारे विषय बाजूला ठेवतो आणि माझ्या फळ्यावर जे घडलं ते सांगतो. त्यातून आपल्या कामाचं काही निघालं तर ते आपलं.

पहिल्याच सत्रातली गोष्ट. सायकॉलॉजी हा शब्द लिहिताना वर्गातली एक मुलगी दर वेळी सुरुवातीचा पी विसरायची. चौथ्यांदा चूक दाखवल्यावर ती वैतागून म्हणाली, “सर, जे अक्षर म्हणायचंच नाही, ते लिहायचं कशाला?” मी तिला थाईत सोमवार लिहायला सांगितलं. थाईत चंद्राला आणि सोमवाराला ‘चान’ म्हणतात. तिने लिहिलं: च, न, द, र, आणि त्या ‘द्र’च्या डोक्यावर एक बारीकसं चिन्ह. उच्चारात ‘द्र’ नाही, पण लिपीने तो टाकलेला नाही, कारण शब्द मूळचा ‘चंद्र’ आहे. अक्षर गप्प करणाऱ्या त्या चिन्हाचं थाई नाव ‘थंथखात’, म्हणजे आपला दंडघात. अक्षराच्या डोक्यात काठी घालायची, ते तोंड मिटून जागेवर उभं राहतं. मुलगी हसली आणि म्हणाली, “म्हणजे इंग्रजीतही दंडघात आहे, फक्त काठी दिसत नाही.”

त्या दिवसापासून तिचा पी चुकला नाही. आणि मला माझ्या अध्यापनाची चावी मिळाली.

ग्रीक धातूंची यादी पाठ करून घेणं ही जगभरची शिकवण्याची रीत आहे. ‘बिओस’ म्हणजे जीवन, ‘गे’ म्हणजे पृथ्वी, ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ, ‘लोगोस’ म्हणजे विवेचन. थाई विद्यार्थ्याला आधीच इंग्रजी परकी, त्यात तिच्या पोटातली ग्रीक दुप्पट परकी. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ग्रीककडे जाणारा पूल या विद्यार्थ्याच्या घरातच बांधलेला असतो. तो संस्कृत-पालीचा आहे. मात्र त्या पुलाच्या काही फळ्या कुजक्या आहेत, आणि त्या ओळखता येणं हे शिक्षकाचं काम आहे.

युरोपने शास्त्रीय शब्द घडवायला ग्रीकची खाण खणली. थायलंडने तेच काम संस्कृत-पालीकडून करून घेतलं. टेलिफोनमध्ये ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. थाईत तो झाला ‘थोरसप’. कान नीट लावा, हा ‘दूरशब्द’ आहे. थाई उच्चारात आपल्या ‘द’चा बहुधा ‘थ’ होतो आणि शब्दाचा शेवट मिटतो. टेलिग्राफ ‘थोरलेक’, म्हणजे दूरलेख. बायॉलॉजी ‘छीववित्थया’, म्हणजे जीवविद्या. जिऑलॉजी ‘थोरनीवित्थया’, म्हणजे धरणीविद्या. ॲस्ट्रॉनॉमी ‘दारासात’, म्हणजे ताराशास्त्र. मी फळ्यावर तीन रकाने पाडत असे: डावीकडे विद्यार्थ्याचा थाई शब्द फोडून, उजवीकडे इंग्रजी शब्द फोडून आणि मधे अर्थ. मुलांनी आधी स्वतःचा शब्द उकलायचा, मग दुसऱ्याचा. ‘वित्थया’ जिथे बसतं तिथे बहुतेक वेळा ‘लॉजी’ बसतं, हे त्यांना मी सांगायच्या आधीच दिसायचं.

हे शब्द आपोआप पिकले नाहीत. 1926 साली राजे प्रजाधिपोक यांनी विद्वानांची जी सभा स्थापली, तिचं नाव संस्कृतात वाचलं तर ‘राजपांडित्यसभा’. पुढे परिभाषेचं काम याच परंपरेने केलं. शब्द घडवणाऱ्यांत सर्वांत ठळक नाव राजपुत्र वान वैथयाकोन यांचं. ऑक्सफर्डला शिकलेला हा मुत्सद्दी 1956 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा अध्यक्ष झाला. त्यांच्या एका शब्दाकडे मी शेवटी येणार आहे.

परिभाषा कधी कधी इतिहासाशी थट्टाही करते. डेमॉक्रसी म्हणजे ‘देमोस’ अर्थात लोक आणि ‘क्रातोस’ अर्थात सत्ता. थाईत ती ‘प्रछाथिपतय’, प्रजेचं आधिपत्य. 24 जून 1932 रोजी सयाममधली, म्हणजे आजच्या थायलंडमधली, अनियंत्रित राजसत्ता संपली, तेव्हा गादीवर हेच राजे प्रजाधिपोक होते. ‘प्रजाधिपक’, म्हणजे प्रजेचा अधिपती. राजाचं नाव आणि त्याची निरंकुश सत्ता घालवणाऱ्या व्यवस्थेचं नाव, दोन्ही त्याच दोन तुकड्यांचे. समासात कोण कोणाचा अधिपती, एवढाच फरक.

थोरसप आणि टेलिफोन यांचं नातं रक्ताचं नव्हे. हे मानलेले भाऊ; कुणीतरी समोरासमोर बसवून राखी बांधलेली. पण पुलावर सख्खी भावंडंही भेटतात, आणि तिथे वर्ग खरा रंगतो. ग्रीक आणि संस्कृत एकाच घरातून निघालेल्या, त्यामुळे काही शब्द चेहऱ्यावरून ओळखू येतात. ग्रीक ‘हेप्ता’ आणि संस्कृत ‘सप्त’: ग्रीकने शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ केला. थाईत आठवड्याला ‘सपदा’ म्हणतात, म्हणजे सप्ताह. हेप्टॅगॉनला सात कोन असतात हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही. ‘मेसोस’ आणि ‘मध्य’ सख्खे. मेसोपोटेमिया म्हणजे नद्यांच्या मधला प्रदेश. माझे विद्यार्थी माध्यमिक शाळेला ‘मत्थयोम’ म्हणत, आपला ‘मध्यम’. सहा वर्षं मत्थयोममध्ये काढलेल्या मुलाला ‘मेसो’ परका कसा वाटेल?

‘पूस’, ‘पोदोस’ म्हणजे पाय, संस्कृतात ‘पाद’. ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद. थाईत पाद झाला ‘बात’, आणि त्यांच्या नाण्याचंही नाव तेच. पाद म्हणजे चौथा हिस्सा, असाही अर्थ जुना. आपल्याकडे रुपयाच्या चौथ्या हिश्श्याला पावली म्हणत, तीही याच पायाने चालत आली. मी वर्गात खिशातून एक बात काढून दाखवायचो आणि म्हणायचो, तुम्ही रोज ऑक्टोपसचा पाय घेऊन फिरता.

तापमानाला थाई शब्द ‘उन्हफूम’. यातलं ‘उन्ह’ मराठी माणसाला समजावून सांगायला नको. संस्कृत ‘उष्ण’, पाली ‘उण्ह’, आपलं ऊन. ‘फूम’ म्हणजे भूमी. आता थर्मामीटर घ्या. ‘थेर्मोस’चं सख्खं भावंड संस्कृत ‘घर्म’, म्हणजे आपला घाम. ‘मेत्रोन’चं नातं ‘मात्रा’शी. बँकॉकच्या एप्रिलमध्ये वर्गातला पंखा बंद पडला की थर्मामीटर म्हणजे घाममात्रा ही व्युत्पत्ती सगळ्यांना तत्काळ पटायची.

आणि प्रॉग्नोसिस! वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना नकोसा वाटणारा शब्द. ‘प्रो’ म्हणजे ‘प्र’, ‘ग्नो’ म्हणजे ‘ज्ञा’. तुकड्याला तुकडा लावला तर ‘प्रज्ञा’. थाईत तत्त्वज्ञानाला ‘प्रत्या’ म्हणतात, तीही प्रज्ञाच. रोग पुढे काय वळण घेईल हे सांगणारा डॉक्टर आणि तत्त्वज्ञ एकाच शब्दाचे वारस निघाले.

तिसरं नातं उसनवारीचं. भविष्य सांगणाऱ्याला थाईत ‘होन’ म्हणतात आणि त्याच्या विद्येला ‘होरासात’. थाईत शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारात ‘न’ होतो, म्हणून ‘होर’चा ‘होन’. ही ‘होरा’ संस्कृतातून गेली, पण संस्कृतची मुळातली नव्हे. ती ग्रीक ‘होरा’, म्हणजे वेळ. इंग्रजी अवर आणि होरोस्कोप तिचेच. यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, ज्योतिष भारतात आलं तेव्हा शब्दही आले. सहाव्या शतकातला वराहमिहिर यवनांना मान देतो आणि ‘होरा’ या शब्दाबद्दल काहींचं मतही नोंदवतो: ‘अहोरात्र’ या शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरं गाळली की होरा उरते! परका शब्द घरचा करायची हौस आपल्याला तेव्हापासून आहे. ‘केंद्र’ही असाच, ग्रीक ‘केंत्रोन’ म्हणजे टोचणी, कंपासचं टोक. गंमत म्हणजे केंद्राला थाईने ग्रीक शब्द घेतला नाही. तिथे त्याला ‘सून’ म्हणतात, म्हणजे शून्य. यवन आपल्याला नवखे नव्हते, कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर त्यांची दानं कोरलेली आहेत. थाई विद्यार्थ्यालाही यवन राजा ठाऊक असतो, ‘मिलिंदपञ्हा’तला नागसेनाला प्रश्न विचारणारा. ग्रीक ही त्याच्या आजोळच्या ओळखीतली भाषा आहे, हे त्याला एकदा सांगितलं की त्याची पाठ सरळ होते.

आता कुजकी फळी, आणि ती माझ्याच पायाखाली मोडली. पहिल्या वर्षी मी ऐटीत सांगितलं की ग्रीक ‘हिस्टोरिया’ आणि आपला ‘इतिहास’ एकच. वर्गात पाली शिकलेले एक भिक्खू बसत. तास संपल्यावर ते हळूच म्हणाले, “आचार्य, ‘इति-ह-आस’ म्हणजे ‘असं असं खरोखर घडलं’. यात ‘हिस्ट’ कुठून काढणार?” मी ओशाळलो. हे मराठी माणसाला बँकॉकमध्ये एका थाई भिक्खूने सांगावं! मग शोध घेतला. ‘हिस्टोरिया’ म्हणजे चौकशी, शोध घेऊन जाणणं. तिचं मूळ ‘विद्’ या धातूच्या घरातलं. म्हणजे हिस्टरीची खरी बहीण ‘विद्या’, तीच थाईतली ‘वित्थया’. इतिहास हा तोतया ठरला. थाईत इतिहासाला म्हणतात ‘प्रवत्तिसात’, प्रवृत्तींचं, म्हणजे घडलेल्या वृत्तांचं शास्त्र. ग्रीकाने शोधलं, आपण ‘असं घडलं’ म्हणालो, थाईने वृत्तांत मांडला. नातं चुकीचं जोडलं असतं तर तीन समाजांनी भूतकाळाकडे कसं पाहिलं, ही खरी मौज हातची गेली असती. कट्ट्यावर बसून जगातला प्रत्येक शब्द संस्कृतात आणून सोडणारे आपल्याकडे कमी नाहीत. वर्गात तोतया शिरला की सख्ख्यांवरचाही विश्वास उडतो.

उच्चाराबद्दल थोडं. फोटो, थिअरी, क्रॉनॉलॉजी यांत पी-एच, टी-एच, सी-एच ही जोडाक्षरं का? प्लेटोच्या अथेन्समध्ये ती अक्षरं महाप्राण होती: अगदी आपले फ, थ, ख. रोमनांनी प, त, क ऐकले आणि मागचा हकार वेगळा लिहिला. पुढे ग्रीकचे उच्चार घासले, लेखन राहिलं. फुकेत या नावात इंग्रजीतून पी-एच लिहितात, ते याच जुन्या अर्थाने. नवखा प्रवासी मात्र तिथे दंतोष्ठ्य एफ लावतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे, तुमचा ‘फ’ आणि तुमच्या देशाच्या नावातला ‘थ’ जुन्या ग्रीकच्या अधिक जवळ आहेत. आणि आपल्या सभागृहातही कान द्या: पुण्या-मुंबईची पोरं ‘फळ’ म्हणताना ओठ दातांना लावू लागली आहेत. ग्रीक ज्या वाटेने गेली, तिच्यावर आपलं पहिलं पाऊल पडलं आहे. त्यावर चिडण्याआधी ते नोंदवून ठेवू या.

या सगळ्यातून परिभाषा करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट निघते. थाई माणूस भाजीवालीशी बोलतानाही ‘थोरसप’ म्हणतो. आपला ‘दूरध्वनी’ अर्जावर राहिला आणि तोंडी फोन. उलट संगणकासाठी तिथल्या पंडितांनी ‘खनित्तकोन’, म्हणजे गणितकरण असा शब्द दिला, तो लोकांनी ठेवून दिला आणि ‘खोमफिउतर’ म्हणू लागले. आपला ‘संगणक’ मात्र रुजला. मोबाइलला ते ‘मूथू’ म्हणतात, हातात धरायचा, अगदी घरगुती थाईत. संस्कृत असल्याने शब्द जगत नाही आणि संस्कृत असल्याने मरतही नाही. जो पहिल्यांदा कानावर पडतो आणि जिभेला जड जात नाही, तो राहतो. तेव्हा शब्द वेळेवर द्या, आणि तो देताना त्याची फोड शिक्षकाच्या हाती द्या. शालेय कोशात प्रत्येक पारिभाषिक शब्दापुढे चारांपैकी एक खूण असावी, एवढीच माझी मागणी: सख्खा, मानलेला, उसना, की नुसताच दिसायला सारखा.

शेवटी तो राहिलेला शब्द. ऑटोमॅटिकसाठी राजपुत्र वान यांच्या नावावर सांगितला जाणारा शब्द आहे ‘अत्तनोमत’. बँकॉकच्या दुकानांची आपोआप उघडणारी दारं याच नावाची. ग्रीक ‘औतोमातोस’मध्ये ‘औतोस’ म्हणजे स्वतः, आणि पुढचा तुकडा ‘मन्’ धातूच्या घरातला, ‘मति’चा भाऊबंद. पाली ‘अत्तनोमति’ म्हणजे स्वतःची मति. अर्थ जुळला, नाद जुळला आणि अर्ध्या अंगात रक्तही जुळलं. असा शब्द शतकात एखादाच सापडतो.

पण पाली अट्ठकथांमध्ये या शब्दाची जागा वेगळी आहे. प्रमाणांची उतरंड लावताना तिथे आधी सूत्र, मग सूत्राला धरून असलेलं, मग आचार्यांचं मत, आणि सगळ्यांत खाली अत्तनोमति, माणसाचं स्वतःचं मत. अध्यक्षपदाच्या खुर्चीवरून मी आज जे बोललो, ते या शेवटच्या पायरीवरचं आहे. त्या भिक्खूंनी माझा इतिहास तपासला, तसंच आपणही हे तपासून घ्यावं.