पिशवी काढण्याआधी विचारायचे चार प्रश्न



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तरीही गर्भाशयाच्या ऑपरेशनवर बोलायला उभा आहे. कारण आपल्या घरांत अशा वेळी डॉक्टरशी बोलणारा, पैसे भरणारा आणि सही करणारा बहुधा पुरुषच असतो. जिचं शरीर आहे, ती अम्मी, आपा किंवा बायको शरमेपोटी गप्प बसते.

"पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." या एका वाक्यावर किती निर्णय झाले, ते बीडने दाखवलं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अनेक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा झाला की दंड. फडात संडास नाही, पुरेसं पाणी नाही. अशा जगण्यात पाळीची कटकट कायमची संपवावी, असं एखादीला वाटलं तर दोष तिचा नाही. तिला भीती घालून पर्याय लपवणाऱ्यांचा आहे.

म्हणून चार प्रश्न लक्षात ठेवा.

पहिला: आजाराचं नाव काय आणि तो कोणत्या तपासणीत दिसला? 'पिशवीला सूज' हे निदान नव्हे. अंगावरून पांढरं जाणं बऱ्याचदा जंतुसंसर्गामुळे असतं आणि औषधाने बरं होतं. फायब्रॉइडच्या गाठी तर जवळजवळ नेहमीच कॅन्सरच्या नसतात.

दुसरा: याहून लहान उपचार आहे का? जास्त रक्तस्रावावर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू असते. ती काही वर्षं काम करते. गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढता येतात. कॅन्सर असेल किंवा इतर उपचार थकले असतील, तर मात्र ऑपरेशनच योग्य. तिथे उशीर करू नये.

तिसरा: अंडाशयं ठेवणार की काढणार? पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही काढली, तर रजोनिवृत्ती एकदम येते. अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आमच्या कामात डिलीट केलेली फाइल बॅकअपमधून परत येते. इथे बॅकअप नाही.

चौथा: ऑपरेशन पोटावर छेद घेऊन, दुर्बिणीतून की योनीमार्गे? त्यावर सावरायला किती दिवस लागतील, ते ठरतं.

आता सहीबद्दल. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. दिल्लीतल्या या महिलेने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. जीव धोक्यात नसेल, तर सज्ञान बाईच्या शरीराचा निर्णय तिचाच. तिच्याऐवजी आई, नवरा, भाऊ कुणीही सही करू शकत नाही.

ऑपरेशन झालंच, तर घरी आल्यावर खरी जबाबदारी आपली. पोटावर छेद असेल तर सावरायला साधारण सहा आठवडे लागतात. दुर्बिणीतून किंवा योनीमार्गे झालं तर सहसा कमी. पण टाके बाहेर दिसत नाहीत म्हणून ती बरी झाली, असं समजू नका. आत जखम असतेच. हळूहळू चालणं चांगलं. मात्र पाण्याची बादली, गॅसची टाकी, कडेवर पोर हे सहा आठवडे बंद. सजदा जमत नसेल तर खुर्चीवर बसून नमाज होते. आजारपणात राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. दीनने दिलेली ही सवलत घरच्यांनी नाकारू नये. ताप, जास्त रक्तस्राव, घाण वासाचा स्राव, एका पायाला सूज किंवा धाप दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तोवर भाकऱ्या कोण थापणार? हा पाचवा प्रश्न. तो डॉक्टरला विचारायचा नाही, साथींनो. त्याचं उत्तर आपणच द्यायचं आहे.