लिहिलेलें टिकतें कसें?



कागदावरची शाई वाळली कीं लेखन संपलें, असें आपण मानतों. संगणकावर मात्र मजकूर कोठें तरी ठेवावा लागतो, तो कोठें ठेवला याची नोंद करावी लागते, आणि ती नोंद मजकुराशीं सदैव जुळती राखावी लागते. हें काम करणाऱ्या व्यवस्थेस फाइल सिस्टिम म्हणतात. अशी एक लहानशी व्यवस्था मीं स्वतः रचून पाहिली. तिनें मला जें शिकविलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

पूर्वीं लिनक्सवर असें धाडस करणाऱ्यास बहुधा त्याच्या गाभ्यांतच, म्हणजे कर्नलमध्यें, हात घालावा लागे. तेथली एक चूक सारें यंत्र बंद पाडूं शके. २००५ सालीं फ्यूज ही योजना कर्नलांत आली आणि साध्या प्रोग्रॅमलाही हें काम करतां येऊं लागलें. कर्नल विचारतो आणि आपला प्रोग्रॅम उत्तर देतो. "या फाइलचे गुणधर्म सांग", "अमुक ठिकाणापासून एवढे बाइट लिही", "हिची लांबी एवढी कर", अशा त्याच्या आज्ञा असतात.

गुणधर्म म्हणजे काय? १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ज्या युनिक्सचा पाया घातला, त्याच्या परंपरेंत प्रत्येक फाइलचें एक नोंदपत्र असतें. त्यास आयनोड म्हणतात. मालक कोण, वाचण्या-लिहिण्याचा अधिकार कोणास, लांबी किती, मजकूर शेवटीं केव्हां बदलला, हें सारें त्यांत असतें. नांव मात्र त्यांत नसतें! तें डिरेक्टरींत असतें. म्हणूनच एका फाइलला दोन नांवें असूं शकतात.

माझ्या व्यवस्थेंत पहिली फाइल ठेविली ती आईनें सांगितलेल्या आठवणींची. उघडून पाहतों, तों एकतृतीयांशाहून थोडा अधिक मजकूर दिसे आणि पुढें कांहीं नाहीं. मजकूर हरवला नव्हता. मीं लांबी अक्षरचिन्हें मोजून नोंदविली होती. फाइलची लांबी असते बाइटांची, आणि यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें एकेक चिन्ह तीन बाइट घेतें. नोंदपत्र म्हणेल तेथें फाइल संपते. त्यापुढें कितीही लिहिलेलें असो, वाचणाऱ्यास तें नसल्यासारखेंच.

दुसरी चूक मनाला अधिक लागली. आई म्हणाली, "शेवटचीं दोन वाक्यें काढून टाक. गेलेल्या माणसाबद्दल तें लिहूं नये." मीं तीं काढलीं आणि मजकूर पुन्हा साठविला. दुसऱ्या दिवशीं तिला वाचून दाखवूं लागलों, तों शेवटीं तींच दोन वाक्यें! लांबी कमी करण्याच्या आज्ञेस माझा प्रोग्रॅम "झालें" असें उत्तर देई आणि कांहींच करीत नसे. नवा मजकूर जुन्यावर सुरुवातीपासून लिहिला गेला, पण जुन्याचें शेपूट तसेंच राहिलें. "मला हें येत नाहीं" असें प्रांजळ उत्तर दिलें असतें, तर चूक तेव्हांच कळली असती. आई कांहीं बोलली नाहीं. मला मात्र तें खोटें "झालें" अजून आठवतें.

लेखनाचेंही तसेंच आहे. जागा उरली नसेल, तर जागा नाहीं असें स्पष्ट सांगावें. शेवटाच्या पलीकडे लिहावयास सांगितलें, तर मधली पोकळी शून्यांनीं भरलेली दिसली पाहिजे, तेथें कोणाचा जुना मजकूर डोकावतां कामा नये. मजकूर बदलला कीं त्याच्या बदलाची वेळ बदलावी. नुसता अधिकार बदलला, तर ती तशीच ठेवून नोंदपत्राच्या बदलाची निराळी वेळ तेवढी बदलावी.

आणि वीज गेली तर? "लिहिलें" या उत्तराचा अर्थ पुष्कळदां "स्मरणांत घेतलें" एवढाच असतो. तें तबकडीवर पोंचविण्याची एफसिंक ही निराळी आज्ञा आहे. त्यांतही क्रमास महत्त्व आहे. आधीं मजकूर, मग लांबी. उलट झालें आणि मध्येंच वीज गेली, तर नोंदपत्र न आलेल्या मालाची पावती देत बसतें. आपल्या पेढ्यांवरचे मुनीम आधीं रोजकीर्द लिहीत, मग खतावणी करीत. अनेक फाइल सिस्टिमा तीच रीत पाळतात: करावयाचा फेरफार आधीं रोजकिर्दींत लिहितात, अपघात झालाच, तर पुरी नोंद पुन्हा अमलांत आणतात आणि अर्धवट नोंद सोडून देतात.

आपण घरोघरीं छायाचित्रें, पत्रें, मृत्युपत्रेंही अशाच व्यवस्थांच्या हवालीं करतों. ठेवलेलें परत मिळावें आणि पुसलेलें पुन्हा समोर येऊं नये, एवढीच आपली अपेक्षा असते. ती पुरी होते, तेव्हां कोणी तरी पडद्यामागें नोंद आणि माल यांचा मेळ रोज घातलेला असतो.

आईच्या आठवणी आतां नीट आहेत. तीं दोन वाक्यें त्यांत नाहींत.