पाऊस गेला म्हणून भूक येते का?



पाऊस लांबला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या बाया बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढतात. आधीची वर्षं नापिकीची होतीच, १९७२ साली पावसानं पार दगा दिला. विहिरी आटल्या, दावणीची जनावरं गेली. पण उपासमारीनं गावंच्या गावं मेली, असं झालं नाही. ते कसं टळलं, हे आज आपण समजून घेऊ.

पीक बुडालं की शेतकऱ्याचं धान्य जातं आणि मजुराची मजुरीही जाते. बाजारात धान्य आलं तरी हातात पैसा नसेल तर ते घ्यायचं कशानं? त्या वेळी सरकारनं रस्त्यांची, पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यांत बायका फार होत्या. त्यांनी खडी फोडली, माती वाहिली, परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकरी थापल्या, लेकरांना सुकडी चारली. पोटभर कुणालाच मिळालं नाही, पण जीव तगले.

हे आपोआप झालं नाही. गावोगाव कामासाठी मोर्चे निघाले. मुंबईत महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. वर्तमानपत्रं लिहीत होती, आमदार सभागृहात विचारत होते. सरकारला पुन्हा मतं मागायला यायचं होतं. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

आता दूरचा एक देश पाहू. २०११ साली पूर्व आफ्रिकेत मोठा दुष्काळ पडला. केनिया आणि इथिओपियातही लोकांचे हाल झाले, पण महाभयंकर उपासमार झाली ती सोमालियात. तिथं १९९१ पासून नीट सरकारच नव्हतं. सशस्त्र टोळ्या लढत होत्या आणि धान्य घेऊन येणाऱ्या संस्थांना अडवत होत्या. जाब विचारायचा तरी कुणाला? सुमारे अडीच लाख माणसं गेली. त्यांतली निम्मी पाच वर्षांच्या आतली लेकरं होती.

म्हणजे दुष्काळ आभाळातून येतो, पण उपासमार माणसांच्या कारभारातून येते.

आपल्याकडे कारभार आहे, रेशन दुकान आहे, अंगणवाडी आहे. तरी भूक पुरती गेलेली नाही. दिवाळीच्या सुमाराला आपण उचल घेऊन ऊसतोडीला जातो. पाच-सहा महिने कोपीवर राहतो. गावातलं रेशन तसंच राहतं आणि तिकडं दुकानातून महागाचं पीठ घेतो. लेकराचा अंगणवाडीतला आहारही सुटतो. बाई पहाटे फडात जाते आणि रात्री उरलंसुरलं खाते.

म्हणून जाण्याआधी तीन कामं करू. रेशनकार्डात घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि आधार जोडलेलं आहे ना, ते पाहू. तोडीच्या गावी तिथल्या रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य मागू. ते तिथंही मिळतं. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी किती ठेवायचं, तेही आधी ठरवू. आणि लेकराचं नाव तिथल्या अंगणवाडीत सांगू.

नाही म्हटलं तर एकटीनं परत फिरायचं नाही. चार जणी मिळून जायचं, कारण विचारायचं, अर्ज लिहून द्यायचा आणि पोच घ्यायची. बहात्तरला आपल्या आज्या मागत राहिल्या, म्हणून आपण आहोत.