घड्याळ, तुतारी आणि आपलं इतिवृत्त

(संगमेश्वर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, राजकारणात नाही. पण 2024च्या विधानसभेला आपल्या चिपळूण-संगमेश्वरमध्ये मशीनवर दोन राष्ट्रवादी होत्या, घड्याळाची आणि तुतारीची, आणि माझ्या घरातच दोन मतं पडली. शेखर निकम घड्याळावर जिंकले, प्रशांत यादव तुतारीवर हरले. फरक सात हजारांच्या आतला. तेव्हापासून मी हे प्रकरण कागदांतून वाचतोय.

राष्ट्रवादी स्वतःच फुटीतून जन्मली. 1999 साली काँग्रेसमधून बाहेर पडून शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांनी ती काढली. 2 जुलै 2023 रोजी अजित पवारांनी सरकारात शपथ घेतली आणि भांडण निवडणूक आयोगाकडे गेलं. तिथे काय झालं, ते नीट ऐका.

पक्ष फुटला की खरा पक्ष कुठला, हे ठरवायला 1968चा चिन्हांचा आदेश आहे. सादिक अली खटल्यात 1971 साली सुप्रीम कोर्टाने त्याच्या कसोट्या मान्य केल्या: पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना आणि बहुमत. उद्दिष्टं दोघेही तीच सांगत होते. घटना पाहावी, तर आयोग म्हणाला की दोन्ही गट तिच्या बाहेर चालले होते, संघटनेच्या निवडणुकांवर भरवसा ठेवण्यासारखं काही नव्हतं. मग उरली आमदार-खासदारांची मोजणी. एकूण 81 पैकी 57 अजित पवारांकडे, 28 शरद पवारांकडे. बेरीज जुळत नाही म्हणाल, तर काही जणांनी दोन्हीकडे प्रतिज्ञापत्रं दिली होती! 6 फेब्रुवारी 2024 रोजी नाव आणि घड्याळ अजित पवारांना मिळालं.

म्हणजे पंचवीस वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता मोजलाच गेला नाही. तो सभासद होता, याची विश्वासार्ह नोंदच नव्हती.

दुसऱ्या गटाला ‘शरदचंद्र पवार’ हे नाव जोडून मिळालं आणि तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह. लोकसभेला साताऱ्यात एका अपक्षाला पिपाणी मिळाली, आणि यादीत तिचंही नाव तुतारीच होतं. त्याला 37 हजार मतं पडली. शशिकांत शिंदे पडले 32 हजार 771 मतांनी. ती सगळी मतं चुकूनच गेली, असं मी म्हणणार नाही. पण आपल्या आजीला मशीनवर चिन्ह कसं दिसतं, हे घरात एकदा दाखवायला हवं होतं, एवढं नक्की.

आता आपला प्रश्न. मोहल्ल्यात मी ऐकायचो, ‘दोन्ही पवार एकच, कुणालाही द्या.’ एप्रिल 2025मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत एक राष्ट्रवादी बाजूने होती, दुसरी विरोधात. एकच कशा? आणि जो विरोधात होता, त्याला मत आपोआप मिळावं, हेही मला पटत नाही. उमेदवार दारात आला, की विचारा: उद्या पक्ष फुटला तर तुम्ही कुठे जाल, आणि जाण्याआधी आम्हाला विचाराल का? लेखी मागा. तो हसेल. हसू द्या.

पण विचारायला तोंड हवं, म्हणून एक घरची गोष्ट. आमच्या गावात एक शैक्षणिक मंडळ होतं, नाव सांगत नाही. आखातातून पैसे यायचे, मीही पाठवले. मंडळ फुटलं. दोन अध्यक्ष झाले, दोन शिक्के झाले. धर्मादाय कार्यालयात पाहिलं, तर तिथे अजून जुनेच विश्वस्त, त्यातले तिघे मरहूम. बदल झाल्यावर नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो, तो वर्षानुवर्षं कुणी दिलाच नव्हता. बँकेने खातं थांबवलं. त्या वर्षी मुलींच्या फीचे पैसे तिथेच अडकून पडले. माझ्या चुलतबहिणीचा डिप्लोमा एक वर्ष मागे पडला. दोन्ही अध्यक्ष माझ्या नात्यातले. ईदला मी दोघांच्याही घरी जातो, आणि दोघांनाही हेच बोलतो.

आपल्या या गटात आज चाळीसेक जण आहोत. सभासदांची यादी कुठे आहे? मागची निवड कधी झाली, मतं किती पडली, इतिवृत्त कुणाकडे आहे? मी बैठकीआधी विचारलं, तर उत्तर आलं, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर असेल.’ मी एक वही आणली आहे. बाहेर जाताना नाव, पत्ता आणि सही करून जा.